बाहेर ४५, अंगात १०४

मे महिन्यातली दुपार. पत्र्याच्या खोलीत तापाने फणफणलेले नातवंड निजलेले. दादी डब्यातून थर्मामीटर काढते, झटकते, बघते, पुन्हा झटकते. पारा १०५ च्या खाली टिकायलाच तयार नाही आणि अजून तर तो मुलाच्या काखेत गेलेलाही नाही. शेजारच्या काकू आपला थर्मामीटर घेऊन येतात. त्याचेही तेच. ‘दोन्ही बिघडलेत’ असा निकाल लागतो.

बिघडलेले काहीच नसते. त्या खोलीतली हवाच ४१ अंश सेल्सिअस असते आणि थर्मामीटरवर लिहिलेल्या फॅरनहाइटच्या भाषेत ४१ म्हणजे १०५.८. झटकल्यावर पारा क्षणभर उतरतो, पण सभोवतालची हवा त्याला पुन्हा वर चढवते. अशा वेळी थर्मामीटर माठातल्या पाण्यात बुडवावा, झटकावा, पुसावा आणि लगेच काखेत धरावा. धुळे, मालेगाव, भुसावळकडच्या पत्र्याच्या घरांना ही युक्ती माहीत असायला हवी.

पण त्या खोलीत घडते ते फक्त युक्तीपुरते नाही. एरवी कधीच समोरासमोर न येणारे दोन आकडे तिथे एकमेकांना भेटतात. आपल्या घरांत ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात आणि दारातले ऊन सेल्सिअसमध्ये. मुलाला १०४ ताप आहे म्हटले की रिक्षा बोलावली जाते. तोच आकडा सेल्सिअसमध्ये ४० होतो आणि ४० अंश म्हणजे खानदेशात एप्रिलमधले सोसण्याजोगे ऊन. १०४ ऐकून छातीत धस्स होते आणि ४५ हा चहाच्या टपरीवरचा विषय होतो. ‘काल आमच्याकडे ४५ होतं,’ हे सांगताना तर थोडा अभिमानही असतो. ४५ म्हणजे ११३, हे कोणी सांगितले तर तो अभिमान कदाचित उतरेल.

२०१९ चा रमजान ७ मे रोजी सुरू झाला आणि त्याचे सगळे रोजे उन्हाच्या ऐन भरात आले. पहाटे साडेचारच्या सुमारास सहेरी संपायची, संध्याकाळी सातला इफ्तार व्हायची. मधल्या सुमारे साडेचौदा तासांत घोटभर पाणीही नाही. अशा महिन्यात ऊन आणि ताप यांचे हिशेब दोन वेगळ्या वह्यांत ठेवणे परवडणारे नाही.

या दोन वह्या कशा झाल्या तेही थोडक्यात पाहावे. डॅन्झिगमध्ये १६८६ साली जन्मलेल्या फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा गारठा म्हणजे शून्य, निरोगी माणसाच्या शरीराची ऊब म्हणजे ९६, असा त्याचा हिशेब होता. पुढे पट्टी नीट बसवताना शरीराचा आकडा ९८.६ वर गेला. म्हणजे त्या पट्टीत माणूस पहिल्यापासून हजर होता. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये मांडलेल्या पट्टीत मात्र फक्त पाणी होते, तेही उलटे : उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर. त्याच्या मृत्यूनंतर ती सुलट करण्यात आली. नाही तर आज ऊन जसे वाढेल तसा आकडा घटला असता आणि टपरीवरचा अभिमान भलतीकडेच गेला असता. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. शेर, मण, मैल हळूहळू गेले. हवामानाचे आकडेही सेल्सिअसमध्ये आले. घरातला काचेचा थर्मामीटर तेवढा मागे राहिला आणि घराघरांत ताप आजही त्याच्याच भाषेत बोलला जातो.

या दोन पट्ट्यांचे शून्य वेगळे आणि पायरीही वेगळी, म्हणून गोंधळ होतो. तोंडी हिशेबाची एक सोपी रीत आहे. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करावा, आलेल्या संख्येतून तिचा दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावेत. ४५ ची दुप्पट ९०, त्यातून ९ गेले, राहिले ८१, अधिक ३२, झाले ११३. अमेरिकेतला मुलगा फोनवर ‘आज इथं ९५ आहे’ म्हणाला की मालेगावातल्या अम्मीचा जीव खालीवर होतो. ते ९५ म्हणजे आपले ३५, तिच्या अंगणातल्या सावलीपेक्षा थंड.

भाषेने मात्र या दोन वह्या कधी वेगळ्या केल्या नव्हत्या. मराठीत ज्वर म्हणजे ताप, जमीन तापते तो ताप आणि मोजतो ते तापमान. उर्दूत तापमानाला दर्जा-ए-हरारत म्हणतात आणि अंगात कणकण असली तरी ‘जरा हरारत है’ असेच म्हणतात. ‘रमजान’ या शब्दाचे मूळही अरबीतल्या तापण्याच्या, पोळण्याच्या अर्थाच्या धातूत आहे, उन्हाने भाजून निघालेल्या दगडमातीचा अर्थ त्यात आहे. म्हणजे महिन्याच्या नावातच उन्हाळा आहे. पण महिना उन्हाळ्यात थांबत नाही. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. ज्या ज्येष्ठांनी १९८५-८६ चे रोजे तारुण्यात केले त्यांना त्या वेळचा मे महिना आठवत असेल. तेव्हा पंचविशीत असलेला माणूस २०१९ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर होता. महिना तोच, मात्र शरीर ते नाही, हे घरातल्यांनी लक्षात ठेवायला हवे. ‘हमने तो ऐसी गर्मी में भी कभी छोड़ा नहीं’ हे वाक्य या महिन्यात अनेक घरांत ऐकू येते. त्यावर आदराने पण स्पष्ट उत्तर द्यायला हवे.

आता मुख्य मुद्दा. निरोगी शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा त्यापेक्षा थंड असेल तोवर शरीर आपली उष्णता हवेला देत राहते. हवा ३७ च्या वर गेली की उलटे होते, हवाच शरीराला उष्णता देऊ लागते. तेव्हा शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. घाम वाळतो तेव्हा त्वचा थंड होते. उन्हात अंगमेहनतीचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. हे पाणी परत भरले नाही तर रक्त आटते, हृदयावर ताण येतो, घाम कमी होतो आणि आतला आकडा चढू लागतो. तो ४० च्या पुढे गेला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, बेशुद्ध पडला, की तो उष्माघात. थर्मामीटरवर त्याचे नाव १०४.

तापातही १०४ असतो आणि उष्माघातातही. आकडा एकच असला तरी या दोन गोष्टी सर्वस्वी वेगळ्या आहेत. तापात मेंदूच शरीराला गरम व्हायला सांगतो. जंतूंशी लढण्यासाठी तो आपली पातळी वर करून घेतो. म्हणून माणसाला थंडी वाजते, तो पांघरूण मागतो आणि गोळी दिली की मेंदू पातळी खाली आणतो. उष्माघातात मेंदूने पातळी वाढवलेली नसते. शरीर थंड व्हायची धडपड करून हरलेले असते. तिथे तापाची गोळी निरुपयोगी असते. पांघरूण तर घातकच. तिथे सावली हवी, कपडे सैल करायला हवेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालायला हवा, काखेत, मानेवर, जांघेत बर्फ हवा आणि त्याच वेळी दवाखान्याकडे धाव हवी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समजही खोटा आहे. राबत्या माणसाला घाम निथळत असतानाही उष्माघात होतो. त्याआधी चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे हे इशारे मिळतात, आणि रोजेदार त्या इशाऱ्यांना बहुधा रोजाची थकवट समजून सोडून देतो. खरा धोका इथेच असतो.

हवामान खात्याचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, तोही नेमका समजून घ्यायला हवा. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत टांगलेल्या थर्मामीटरने तो मोजलेला असतो. ही पेटी स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याची. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे ते वडील. तेव्हा ४५ हा सावलीतला, वारा खेळत असलेल्या जागेचा आकडा आहे. डांबरी रस्त्यावर हातगाडी ढकलणाऱ्याचा तो आकडा नाही. पत्र्याखाली यंत्रमागांच्या मोटारी दिवसरात्र धडधडतात त्या कारखान्याचाही नाही. तिथला आकडा कोणी मोजत नाही, त्यामुळे तो कुठे छापूनही येत नाही.

त्या पेटीत आणखी एक थर्मामीटर असतो. त्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली असते. पाणी वाळताना हा थर्मामीटर थंड होतो आणि शेजारच्या कोरड्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितके दोघांतले अंतर जास्त. आपल्या घरातला माठ हे त्याच तत्त्वाचे खापराचे यंत्र आहे. खानदेशात मे महिन्यात माठातले पाणी गार होते, कूलर चालतो, वाळ्याचे पडदे उपयोगी पडतात, कारण हवा कोरडी असते आणि घामही झटकन वाळतो. तेच ३८ अंश भिवंडीत किंवा मुंबईत जीव नकोसा करतात, कारण तिथे माठही धड गार होत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. ओल्या फुग्याचा आकडा ३५ ला पोहोचला तर सावलीत बसलेला, हवे तेवढे पाणी पिणारा धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या दिवशी माठातले पाणी गार होत नाही, तो दिवस फक्त गैरसोयीचा समजू नये. आता दमट हवेत सूत कमी तुटते हे मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे जी हवा सुताला मानवते ती माणसाला मानवत नाही. आणि मजुरी मिळते ती मीटरवर.

जून २०१५ मध्ये कराचीत काय घडले ते या संदर्भात आठवायला हवे. रमजान नुकताच सुरू झाला होता. समुद्रावरून येणारा वारा थांबला, तापमान सुमारे ४५ अंशांवर गेले, हवेत दमटपणा राहिला, रात्रीही उकाडा उतरेना. त्यात वीज गेली, पाणी गेले. काही दिवसांत हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत म्हातारे आणि हातावर पोट असणारे बरेच होते. पंचेचाळीस अंश भुसावळकरांना नवे नाहीत. कराचीला मात्र ते नवे होते आणि ते ओले होते. त्यानंतर ‘रोजामुळे माणसे मेली’ असे एका बाजूने म्हटले गेले, दुसऱ्या बाजूने त्याचा राग आला. दोन्ही बाजूंना सोयीचा असा हा वाद होता, कारण त्यात विजेचा, पाण्याचा, पत्र्याच्या घरांचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न मागे पडला. पण त्या दिवसांत कराचीतल्या उलेमांनी एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. जिवाला धोका असेल त्याने रोजा ठेवू नये. ती आणखी आधी, आणखी मोठ्याने सांगायला हवी होती.

कारण ती काही संकटात शोधलेली पळवाट नव्हे. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे कधी तरी भरून काढण्याची मुभा खुद्द कुरआनात, सूरह बकरामध्ये, रोजाच्या हुकमाला लागूनच दिलेली आहे. तहानेने किंवा उष्म्याने जीव जाईल, आजार बळावेल अशी रास्त भीती असेल तर चालू रोजाही सोडता येतो. त्याबदल्यात नंतर एक रोजा करायचा, ज्याला कजा म्हणतात. सलग साठ रोजांचे जे प्रायश्चित्त लोकांच्या मनात भीती घालून बसले आहे, ते विनाकारण, जाणूनबुजून रोजा मोडणाऱ्यासाठी आहे, चक्कर येऊन पडणाऱ्यासाठी नाही. ज्या वृद्धांना पुढेही रोजा झेपणार नाही त्यांच्यासाठी फिदया आहे, म्हणजे गरिबाला जेवण. कडक उन्हात जोहरची नमाज जरा थंडावा येईपर्यंत लांबवावी असेही पैगंबरांनी सांगितले आहे आणि रोजात उष्म्यामुळे त्यांनी डोक्यावर पाणी ओतून घेतल्याची नोंद हदीसमध्ये आहे. ओले फडके डोक्यावर ठेवले म्हणून, आंघोळ केली म्हणून रोजा मोडत नाही. तरीही ‘तेवढ्यानं मकरूह होईल’ म्हणून कोरड्या डोक्याने उन्हात बसणारी माणसे आहेत.

हिजरी सन ८ मधली मक्केच्या वाटेवरची गोष्ट मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असते, ती जरा पुन्हा वाचायला हवी. रमजान होता, सगळे प्रवासात होते, लोकांना रोजा जड जात होता. पैगंबरांनी पाण्याचा पेला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि ते पाणी प्यायले. तंबूत जाऊन, पाठ फिरवून नव्हे. त्यानंतरही काहींनी रोजा सोडला नाही असे कळल्यावर ते नाराज झाले. पेला उंच का धरला, हा प्रश्न आजच्या मोहल्ल्यांनी स्वतःला विचारावा. मुभा पुस्तकात असून भागत नाही, ती चारचौघांत वापरता आली पाहिजे. माणूस पाणी पिण्यावाचून मरतो तेव्हा बहुतेकदा त्याला मसला माहीत नसतो असे नाही. पाणी पिताना कोणी पाहील, याची त्याला भीती असते.

कारखान्यात, बांधकामावर हे रोज घडते. हातापायाला कंप सुटलेल्या गवंड्याला शेजारचा म्हणतो, “भाऊ, घोटभर पाणी घे, चेहरा बघ तुझा.” उत्तर येते, “राहू दे, दोनच तास राहिलेत मगरिबला. लोक काय म्हणतील?” त्या ‘लोकां’मध्ये बहुधा त्याच्या बरोबरीचे, त्याच्याइतकेच तहानलेले लोक असतात.

या बाबतीत शहरातल्या इतर धर्मीयांचाही एक वाटा आहे. त्यामागे सद्भावनाच असते, पण तिचे ओझे होते. ‘आज रोजा नाही का?’ हा प्रश्न ऑफिसात, दुकानात, शाळेच्या स्टाफरूममध्ये सहज विचारला जातो. मधुमेह असणाऱ्याला, नुकतेच ऑपरेशन झालेल्याला, बाळाला पाजणाऱ्या आईला त्याचे उत्तर देणे नकोसे होते. स्त्रियांना महिन्यातले काही दिवस रोजा नसतोच आणि तो का नाही हे त्यांनी चौकात सांगावे अशी अपेक्षा कोणी करू नये. रोजेदारासमोर पाणी पिताना संकोचणारा सहकारी मोठ्या मनाचा असतो, यात शंका नाही. तरी त्याने खुशाल पाणी प्यावे. खऱ्या रोजेदाराचे त्याने काही बिघडत नाही. उलट एका टेबलावर पाण्याची बाटली उघडी असली, तर ज्याला खरोखर गरज आहे त्याचा हातही तिच्याकडे सहज जाऊ शकतो.

२०१९ मध्ये एक योग असाही आला की पहिला रोजा आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी, ७ मेला होती. खानदेशात ती आखाजी. त्या दिवशी पूर्वजांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, पाण्याचे दान करतात. एका गल्लीत घागर भरली जात होती, शेजारच्या गल्लीत दिवसभर पाणी वर्ज्य होते आणि संध्याकाळी तेच पाणी खजुराबरोबर पुढे आले. वैशाखाच्या उन्हाला दोन्ही घरांनी ओळखले होते, आपापल्या रीतीने. ज्येष्ठ-वैशाख उन्हाळ्यातच राहावेत म्हणून पंचांगात अधिक महिना घालतात. रमजानला तशी सोय नाही, तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. एका पंचांगाने ऋतू धरून ठेवला, दुसऱ्याने प्रत्येक ऋतूचा वाटा प्रत्येकाच्या पदरात टाकला. (त्या वर्षी बाजारात रूह अफजाची टंचाई झाली आणि अनेक इफ्तारींत कैरीचे पन्हे आले, ही देवाणघेवाण कोणत्याही पंचांगात नव्हती.)

मग करायचे काय? अहमदाबादने वाट दाखवलेली आहे. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ वर गेला, नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले आणि २०१३ मध्ये महापालिकेने उष्म्याचा कृती आराखडा तयार केला. त्यात आकड्यांना रंग दिले, ४५ किंवा अधिक म्हणजे लाल. रंगाला सेल्सिअस, फॅरनहाइट काही लागत नाही. इथल्या नगरपालिकांनी, वर्तमानपत्रांनीही रोजच्या आकड्याशेजारी थर्मामीटरच्या भाषेतला आकडा छापायला काय हरकत आहे? ‘आज ४५ अंश, म्हणजे ११३’. ज्या आईला ११३ वाचता येईल ती पोराला दुपारी पतंग उडवायला पाठवणार नाही. मशिदीच्या भोंग्यावरून सहेरीची वेळ संपल्याची सूचना मिळते, इफ्तारची वेळ कळते. ज्या दिवशी ४५ च्या वर जाईल त्या दिवशी जोहरनंतर एक वाक्य आणखी सांगता येईल : चक्कर, मळमळ, गोंधळ वाटल्यास रोजा सोडा, कजा करा. इमामसाहेबांनी सांगितलेल्या त्या एका वाक्याला डॉक्टरांच्या दहा पत्रकांपेक्षा जास्त वजन असेल.

कामाच्या तासांचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो फक्त रोजेदारांचा नाही. आखातात मजुरीला गेलेली इथली मुले सांगतात की तिथे दुपारी काम बंद असते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे, मग मजूर कोणत्याही धर्माचा असो. आपल्याकडे देशभर असा सक्तीचा नियम नाही. इथला मुकादम म्हणतो, ‘तू रोजेदार, तू सावलीत बस,’ आणि त्याच्या बरोबरीच्या दगडू-मारुतीला उन्हात ठेवतो. सवलत चांगली, पण ऊन रोजा विचारून लागत नाही. यंत्रमागाची बारा तासांची पाळी दुपारी दोन तास तोडून पहाटे आणि रात्री सरकवता येते का, हे मालक-कामगारांनी बसून ठरवायला हवे. रमजानमध्ये तरी आधी. त्या काळात रात्र तशीही जागी असते. तरावीहनंतर बाजार फुललेला असतो, सहेरीपर्यंत चुली पेटलेल्या असतात.

२०१९ ची ईद ५ जूनला आली. त्याच्या पुढच्या वर्षी रमजान २५ एप्रिलच्या आसपास सुरू झाला, नंतर एप्रिलच्या मध्यात, पुढे मार्चमध्ये आणि २०३० मध्ये तर थंडीत एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. मे महिना मात्र मागे सरकणार नाही. तो आहे तिथेच, पत्र्याखाली, मागावर, हातगाडीवर राहणार आहे. रमजानसाठी मशिदींसमोर, चौकाचौकांत ज्या पाणपोया आणि मंडप उभे राहतात ते ईदच्या दुसऱ्या दिवशी उतरवले जातात. ईद जूनच्या सुरुवातीला आली तर खानदेशात पाऊस पोहोचायला त्यानंतर दहा-बारा दिवस तरी लागतात.